क्षमेची घाई

आपल्या मंडळ्यांतून कुणी दुखावले गेले की पुढे काय घडावयाचे याचा क्रम आता इतका ठरून गेला आहे, की तो उपासनेच्या पुस्तकात छापून टाकला तरी चालेल. एखादी शिक्षिका, वसतिगृहातला एखादा मुलगा, एखादी विधवा पाळकांकडे किंवा वडीलमंडळाकडे जाते आणि आपल्याशी काय वागले गेले ते सांगते. ऐकणारे डोळे मिटून प्रार्थना करतात. विषय प्रभूच्या चरणी ठेवू, तोवर कुठे बोलू नका, असे बजावले जाते. पुढच्या रविवारी क्षमेवर उपदेश होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो पहिल्या बाकावर बसून तल्लीनतेने मान डोलावतो, आणि जिने तक्रार केली तिला कळते की उपदेश आपल्याला उद्देशून होता. पंधरवड्यात दोघांना समोरासमोर बसवून हातात हात दिले जातात. यानंतरही ती बोललीच, तर तिचे अंतःकरण कडू आहे. तिने मंडळी सोडली, तर तिचा विश्वास मुळात कच्चाच होता.

या लेखाचा रोख क्षमेवर नाही. क्षमा ही ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याची गोष्ट आहे आणि ती वजा केली तर जे उरेल त्याला ख्रिस्ती म्हणण्याचे कारण राहणार नाही. रोख आहे तो क्षमेच्या घाईवर. ज्याने दुखावले त्याला एकही प्रश्न न विचारता, जो दुखावला त्याच्याकडून क्षमेची वसुली करण्याच्या या रीतीला शास्त्राधार आहे असे सर्रास सांगितले जाते. तो आधार तपासून पाहू.

आधार म्हणून नेहमी पुढे केला जातो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय. गंमत अशी की हा अध्याय आपल्याकडे शेवटाकडून वाचण्याची पद्धत आहे. साताच्या सत्तरपट क्षमा करण्याचे वचन आणि निर्दय चाकराचा दाखला हा या अध्यायाचा उत्तरार्ध. त्याच्या आधी काय आहे? सुरुवातीला येशू एका बालकाला मध्यभागी उभे करतो आणि अशा लहानांतील एकालाही जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे सांगतो. मग येते हरवलेले मेंढरू: नव्व्याण्णवांची शांतता राखण्यासाठी एकाला सोडून द्यावे असे तो मेंढपाळ म्हणत नाही. त्यानंतर अपराध करणाऱ्या भावाचे काय करावे याची चक्क कार्यपद्धती दिली आहे. एकांतात त्याला दोष दाखव; न ऐकले तर एकदोघांना साक्षीला ने; तरीही न ऐकले तर मंडळीला सांग; मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परका. एवढे सगळे झाल्यावर पेत्र विचारतो, की मग क्षमा किती वेळा करावी. म्हणजे तळी, मेंढरू, साक्षीदार आणि मंडळी या चार पायऱ्या चढून आल्यावर क्षमेचा प्रश्न येतो. आपले उपदेशक पाचव्या पायरीवर थेट उडी मारून उतरतात, आणि खालच्या चार पायऱ्यांची आठवण करून देणाऱ्याला आध्यात्मिक प्रौढत्व नाही असे म्हणतात.

बरे, पहिली पायरी तरी नीट वापरावी. 'आधी एकांतात बोलायला हवे होते' हे वाक्य तक्रार करणाऱ्याच्या तोंडावर फेकले जाते. भावाभावांतल्या, तुल्यबळांतल्या कुरबुरीसाठी ती पायरी योग्यच आहे. पण संचालकाने छळलेल्या कर्मचारी स्त्रीने पुन्हा त्याच संचालकाच्या बंद खोलीत जाऊन त्याला एकांतात दोष दाखवावा, असा या वचनाचा अर्थ लावणाऱ्याने त्याच अध्यायातली जात्याची तळी विसरून वाचले आहे. आणि ही पद्धत 'मंडळीला सांग' या आज्ञेपर्यंत जाते, हे तर कुणालाच आठवत नाही. मराठी शास्त्रात ज्या शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द योजला तो किती नेमका आहे पाहा. मंडळी म्हणजे जमलेली माणसे. कार्यकारिणी नव्हे, बिशपांचे कार्यालय नव्हे, विश्वस्तांची बैठक नव्हे. ज्याला आज 'घरची धुणी चव्हाट्यावर आणणे' म्हणून हिणवले जाते, ती या अध्यायात तिसरी पायरी आहे.

निर्दय चाकराच्या दाखल्यातही एक गोष्ट आहे, जिच्यावर उपदेश ऐकल्याचे मला तरी स्मरत नाही. स्वतःचे अफाट कर्ज माफ झालेला चाकर दुसऱ्याची मान धरतो, हे धन्याला कळते कसे? सोबतीच्या चाकरांना फार दुःख होते आणि ते जाऊन धन्याला सांगतात. ही निनावी माणसे नसती तर दाखला पुढे सरकलाच नसता. त्यांना कुणी चहाडखोर म्हणत नाही. आमच्याकडे असती तर बहुधा पुढच्या निवडणुकीत त्यांची नावे मतदारयादीतून गळाली असती.

याच शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या माणसाची गोष्ट आहे. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे त्याला आठवले, तर त्याने अर्पण तिथेच सोडून आधी जाऊन समेट करावा. उठून जायचे कुणी? ज्याच्याविरुद्ध काही आहे त्याने. दुखावलेला माणूस घरी आहे. त्याला वेदीपर्यंत खेचत आणलेले नाही. लूकच्या १७व्या अध्यायात तर क्रम स्पष्टच आहे: अपराध केला तर त्याला धमकाव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. जक्कयाने येशूला घरी जेवायला घेतले तेव्हा 'मला माफ करा' म्हणून तो गप्प बसला नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचा आकडा त्याने तोंडाने उच्चारला. आमच्या समेटाच्या बैठकांत मात्र आकडा, तारीख आणि कृत्याचे नाव या तीन गोष्टी निषिद्ध असतात. 'काही गैरसमज झाले' हे त्या बैठकांचे आवडते वाक्य, आणि त्यातला कर्ता शोधून सापडत नाही.

दुसरे एक अस्त्र म्हणजे 'प्रभूच्या अभिषिक्ताला हात लावू नका'. पाळकावर किंवा बिशपांवर टीका झाली की हे बाहेर येते. याला आधार दाविदाचा. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती लागला असताना दाविदाने त्याला मारले नाही, कारण तो अभिषिक्त होता. खरेच आहे. पण त्याने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, गुहेबाहेर येऊन तो काठ वर धरला आणि मोठ्याने ओरडून शौलाला त्याच्या अन्यायाचा जाब विचारला. म्हणजे हात लावला नाही, पण पुरावा घेतला आणि तक्रारही केली. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला आणि उरीयाच्या बायकोच्या प्रकरणात पडला, तेव्हा नाथान संदेष्टा 'प्रार्थनेत ठेवतो' म्हणून घरी बसला नव्हता.

मंडळीतल्या दुखण्यांत सर्वांत जुने आणि सर्वांत न बोललेले दुखणे जातीचे. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन आपल्याला पाठ असते, आणि जातीच्या अपमानाची तक्रार आली की तेच वचन तिच्यावर पांघरले जाते: ख्रिस्तात जात नाहीच, मग तक्रार कसली? सोयरीक ठरवताना जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते, ती तक्रारीच्या वेळी अस्तित्वातच नसते. पण त्याच पत्राचा २रा अध्याय उघडावा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आली तेव्हा तो भ्याला आणि पंगतीतून मागे सरला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी आणि बर्णबासुद्धा सरले. हा सरळसरळ पंक्तिभेद होता, आणि करणारा प्रेषितांतला थोर. पौलाने काय केले? सर्वांदेखत तोंडावर जाब विचारला. पुढे तो प्रसंग पत्रात लिहून ठेवला, आणि मंडळीने ते पत्र जपून पवित्र शास्त्रात घातले. 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही' हे वाक्य या भांडणाच्या पोटातून आलेले आहे. भांडण कापून टाकून वाक्य तेवढे भिंतीवर टांगता येत नाही.

पौलाचेच आणखी एक वचन वापरले जाते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात तो भावाने भावाविरुद्ध अविश्वासी न्यायाधीशांपुढे जाण्याबद्दल झापतो. पोलिसांत जाऊ पाहणाऱ्या बाईला हे वचन दाखवले जाते. आता हे वचन नेमके कशाबद्दल आहे? अगदी क्षुल्लक बाबींबद्दल, या जीवनाच्या व्यवहाराबद्दल, एकमेकांना नाडण्याबद्दल. आणि पौलाचा सल्ला असा की त्यापेक्षा तोटा सोसा. त्याच पत्राच्या आदल्याच अध्यायात, बापाची बायको ठेवणाऱ्या माणसाला मंडळीने खपवून घेतले म्हणून तो संतापलेला आहे. म्हणजे अनाचाराबाबत गप्प राहू नका आणि मालमत्तेबाबत कोर्टात जाऊ नका, असा त्याचा कल दिसतो. आपण याच्या बरोबर उलट वागतो.

मालमत्तेचा इतिहास पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील अनेक पंथांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकीची एवढी मोठी घटना. पण गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्ता या एकीकरणात गेल्या की नाही हा वाद मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याच्या कलमांतून फिरत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २०१३ मध्ये पुन्हा पोचला. केरळात मलंकरा चर्चमधील ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट गटांचा वाद तर शतकाहून जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर १९५८, १९९५ आणि २०१७ असे तीनदा निकाल दिले. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चर्चच्या विश्वस्तांचे फेरफार अहवाल आणि त्यांवरच्या हरकती कशा पडून असतात, ते ज्याला वडीलमंडळाचा थोडा अनुभव आहे त्याला सांगावयास नको. या वकिलांच्या फीच्या वेळी पौलाचा ६वा अध्याय कुणाला आठवला नाही. भूखंडासाठी सर्वोच्च न्यायालय आणि माणसासाठी प्रार्थनासभा, अशी ही वाटणी आहे.

आता असे कुणी म्हणेल की उघड वाद केल्याने नाती तुटतात, साक्ष बिघडते. याला उत्तर म्हणून एक मराठी उदाहरण पुरेसे आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयाला राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पत्रांतून रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणतात. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला आणि बिशप मंडळींनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परत गेल्यावर तिची पत जाईल, असा त्यांचा युक्तिवाद. रमाबाईंना तो पटला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य यांसंबंधीच्या त्यांच्या शंकाही त्यांनी लपवल्या नाहीत. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. तक्रारीचे निदान 'गर्व' असे करण्याची रीत किती जुनी आहे हे जाता जाता ध्यानात घ्यावे. रमाबाईंनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मान आताच मोकळी केली आहे. दुसऱ्या पुरोहितवर्गाचा शब्द देवाचा शब्द म्हणून तशीच मान तुकवून घेणे मला जमणार नाही.

ही पत्रे वाचताना दोन्ही बाजूंना झालेल्या जखमा दिसतात. जेराल्डिनबाई खलनायिका नाहीत. त्यांनाही वाटते की आपण जिला आई होऊन वाढवले ती हातची जाते आहे. मधे डोरोथिया बील आहेत, चेल्टनहॅमच्या प्राचार्या. त्या रमाबाईंना 'क्षमा करून टाक' असे सांगत नाहीत. शंका ऐकून घेतात, त्यांच्याशी वाद घालतात आणि रमाबाईंची बाजू बिशपांना पत्राने कळवतात. तिसऱ्या माणसाने काय करावयाचे असते याचा हा वस्तुपाठ आहे. आणि शेवटी या पत्रांचे जतन केले कुणी? जेराल्डिनबाईंनीच. ज्यांत त्यांच्यावर टीका आहे, ज्यांत त्या चुकीच्या दिसतात, ती पत्रेही त्यांनी ठेवली. पुढे अ. भि. शहा यांनी ती संपादित केली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. रमाबाई ख्रिस्ती राहिल्या, मुक्तिसदन उभे राहिले. वाद लिहून ठेवल्याने मंडळी बुडाली नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला तेव्हाही मराठी ख्रिस्ती समाज बुडाला नाही. त्यांची भजने आजही उपासनेत गाइली जातात.

एका आक्षेपाला मात्र उडवून लावता येणार नाही. आपण अल्पसंख्य आहोत. १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जाळली गेली, २००८ मध्ये कंधमाल झाले. अशा काळात घरातले भांडण बाहेर गेले तर ते कुणाच्या हाती कोलीत म्हणून पडेल याची भीती खोटी नाही. ती भीती बाळगणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण या भीतीची किंमत कोण मोजतो ते पाहावे. साऱ्या समाजाच्या अब्रूचे ओझे नेहमी एकाच माणसाच्या, बहुधा बाईच्या किंवा मुलाच्या पाठीवर ठेवले जाते. आणि ज्यांना आपला द्वेष करावयाचा आहे त्यांना आपल्या भांडणांची गरज लागत नाही.

केरळात २०१८ मध्ये एका नन भगिनीने जालंधरच्या तत्कालीन बिशपांविरुद्ध पोलिसांत बलात्काराची तक्रार दिली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवले. माझा मुद्दा त्या निकालाविषयी नाही. मुद्दा असा की पोलिसांत जाण्यापूर्वी आपण चर्चच्या वरिष्ठांकडे दाद मागितली होती असे त्या भगिनीचे म्हणणे होते, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या पाच सहकारी भगिनींना कोचीत उच्च न्यायालयाजवळ रस्त्यावर धरणे धरून बसावे लागले. त्याच सुमारास तिच्याच संघाने पत्रकाबरोबर तिचे छायाचित्र प्रसिद्धीला दिले, जे कायद्याने निषिद्ध आहे. आरोप खरा की खोटा हे ठरण्याआधीच संस्थेने बाजू घेतली होती. चव्हाट्यावर कोण कुणाला नेतो, याचा विचार या क्रमावरून व्हावा.

कॅथलिक चर्चने निदान कागदावर तरी पाऊल टाकले. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ च्या फर्मानाने प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची व्यवस्था बंधनकारक केली. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना रोम नाही याचा आम्हाला अभिमान; पण त्यामुळे फर्मान काढणाराही नाही, आणि रिकाम्या जागी स्थानिक पाळकाची मर्जी बसते. देशाचा कायदा तरी सर्वांना लागू आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याचे १९वे कलम अशी घटना कळलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घालते. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला २१व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद आहे. 'प्रार्थनेत ठेवले होते' हा त्यावर बचाव नाही. आणि २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण ती पीडित स्त्रीने स्वतः मागितली तरच. समिती तिला समेटाला बसवू शकत नाही. समेट हा कुणाचा अधिकार आहे हे संसदेला उमगले, वडीलमंडळाला उमगायचे आहे.

मग करावे काय, असे विचारले जाईल. फार काही नवे नाही. तक्रार लेखी घ्यावी, तारखेची पोच द्यावी. ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याने आणि त्याच्या सोयऱ्यांनी त्या बैठकीतून उठावे. तक्रार खोटी निघू शकते, म्हणूनच तर चौकशी हवी. चौकशीवाचून दिलेली क्षमा निरपराध माणसावरचा डागही कधी पुसत नाही. गोपनीयता तक्रारदाराच्या नावासाठी असावी, आरोपीच्या सोयीसाठी नव्हे. निष्कर्ष निघेपर्यंत कुणालाही हातात हात द्यावयास लावू नये, आणि त्या विषयावर उपदेशही करू नये. शास्त्रात दुसरे पुष्कळ विषय आहेत.

छोट्या मंडळीत तटस्थ माणसे आणावयाची कुठून, असा प्रश्न यावर हटकून येतो. त्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा ६वा अध्याय पाहावा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांनी त्यांना कुरकुर करू नका असे सांगितले नाही. मंडळी बोलावली आणि वाटपाची व्यवस्था पाहण्यासाठी सात माणसे निवडावयास लावली. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत.